माझ्या जन्माआधीचं माझं बालपण

गेली चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की लहानपणी मला रोज पहाटे जुन्या गिरणीच्या भोंग्याने जाग यायची. लग्न ठरलं तेव्हा बायकोला सांगितलं, बँकेत नव्या साहेबांना सांगितलं, तुळजापूरच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. नुसतं सांगत नाही, आवाज काढून दाखवतो. दोन्ही तळवे तोंडाशी धरायचे, पोटातून सुरुवात करायची आणि नाकातून सोडायचं. एकदा तो इतका छान जमला की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅस बंद करायला धावल्या.

यंदाच्या मे महिन्यात, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मला कळलं की ती गिरणी माझ्या जन्माआधीच बंद पडली होती. हे सांगितलं माझ्या थोरल्या बहिणीने. चारचौघांत सांगितलं, आणि ते रेकॉर्ड झालं.

आक्काचा मुलगा बोल्टनला असतो. बोल्टन म्हणजे इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या शेजारचं गिरण्यांचं गाव. सूत कातायचं ‘म्यूल’ नावाचं यंत्र १७७९ मध्ये ज्याने काढलं, तो सॅम्युएल क्रॉम्प्टन तिथलाच. एके काळी तिथे जिकडे बघावं तिकडे गिरणीच्या चिमण्या. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि चिमण्या पाडायची वेळ आली. ते काम करणारा फ्रेड डिब्ना नावाचा एक अवलिया तिथे होऊन गेला. तो सुरुंग लावत नसे. चिमणीच्या बुडाच्या विटा एका बाजूने काढायचा, तिथे लाकडी ओंडके टेकू म्हणून द्यायचा आणि त्या ओंडक्यांखाली जाळ करायचा. ओंडके जळाले की चिमणी सांगितलेल्या दिशेला मुकाट्याने आडवी. गावाने २००८ मध्ये त्याचा पुतळा उभारला. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “आमच्याकडे हुन्नर वेगळा. आम्ही चिमणी उभी ठेवतो आणि गिरणी पाडतो.”

तर हा भाचा मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा वर्षांच्या मुलाला घेऊन सोलापुरात आला. ज्या दिवसांत सोलापूरचा माणूससुद्धा सोलापुरात थांबायला तयार नसतो, नेमक्या त्या दिवसांत. पोराला म्हणे तेव्हाच आठवड्याची सुट्टी असते. सोबत त्याच्या बाईंनी दिलेला एक कागद होता. विषय: घरातल्या मोठ्या माणसांचं गाव. कागदावर तीन रकाने: ‘स्वतः पाहिलेलं’, ‘कोणाकडून ऐकलेलं’ आणि ‘वाचलेलं’. मोठ्या माणसाला बोलतं करायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि मग प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात भरायची.

“मामाआजोबा, तुम्हाला सोलापूरची माहिती आहे ना?” पोराने विचारलं.

आमच्या सोसायटीत, मित्रमंडळात आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी इतिहासतज्ज्ञ म्हणून ओळखला जातो. हे पद मला कोणी दिलेलं नाही, पण काढूनही घेतलेलं नाही. मी म्हटलं, “बाळा, पहिला रकाना मोठा कर. बाकीचे दोन लागायचे नाहीत.”

पहिली ठेच अंगणातच लागली. मी ठरलेल्या तालात सुरू झालो: “सोलापूरची जुनी गिरणी. १८७७ साली शेठ मोरारजी गोकुळदासांनी काढली. तिच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं, मीसुद्धा...”

आक्का दारात उभी राहून नातवाच्या टोपीला पिन लावत होती. मान वर न करता म्हणाली, “काय सांगलालास बे पोराला? जुनी गिरणी तू व्हायच्या आधीच बंद झाली की. तू एकोणसत्तरचा.”

मी म्हटलं, “बंद होऊन परत सुरू झाली होती.” हे खोटं नव्हतं. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली होती, १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून ताब्यात घेऊन ती चालू केली होती आणि त्यावरचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गाजला होता. आजही कायद्याच्या पुस्तकात सोलापूरचं नाव त्यामुळे आहे. हे सगळं मी एका दमात सांगितलं.

“पण तुम्ही पाहिलंत का?” पोराने विचारलं.

“वाचलंय.”

त्याने तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं. आक्का चप्पल घालत म्हणाली, “चला, मी पण येते.” ती यायला नको, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ज्याला आपल्या बालपणाबद्दल मोकळेपणाने बोलायचंय त्याने थोरली बहीण बरोबर नेऊ नये.

डफरीन चौकात आलो. सकाळचे सात वाजले होते आणि ऊन असं होतं की सिग्नलला थांबलेले लोक सिग्नलच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे होते. इथे माझ्याकडे खात्रीचा माल होता. “लहानपणी मला वाटायचं, ही कोणीतरी डफ वाजवणारी बाई असणार. माळीण, तेलीण, तशी डफरीण! मोठेपणी कळलं की हा लॉर्ड डफरीन, १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय.”

“लॉर्ड कुठला?” आक्का म्हणाली. “बाईच ती. डफरीन हॉस्पिटल बायकांचं. बाळंतपणाला तिथेच जायच्या सगळ्या.”

भाच्याने फोनवर बघितलं. लेडी डफरीनने १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांच्या हातून औषधोपचार मिळावेत म्हणून निधी काढला होता आणि गावोगावची डफरीन इस्पितळं तिच्या नावाची. म्हणजे मी सहा वर्षांचा असताना जे समजत होतो ते अर्धं बरोबर होतं. मोठा झालो, चार पुस्तकं वाचली आणि बाईचा बाप्या केला.

“तुमचं लहानपणीचं उत्तर जास्त करेक्ट होतं,” पोरगा म्हणाला. हे त्याने कुठल्या रकान्यात लिहिलं ते मी पाहिलं नाही.

चार पुतळ्यांपाशी मात्र मी सावरलो. तिथे आवाज चढवावा लागत नाही, आपोआप चढतो. मे १९३०. गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, गोळीबार झाला. पोलिसांनी गाव सोडलं आणि ९ ते १२ मे इथे इंग्रजांचं राज्य उरलं नाही. देश स्वतंत्र व्हायच्या सतरा वर्षं आधी सोलापूरने चार दिवस स्वातंत्र्य भोगलं. मग मार्शल लॉ आला, लष्कर उतरलं, तो जूनअखेरपर्यंत चालला. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. नावं नीट ऐक, मी म्हटलं. या चार नावांत अख्खं सोलापूर येतं.

पोरगा खरंच गप्प झाला होता. तिथेच थांबायला हवं होतं. पण श्रोता गप्प झाला की माझ्यातला वक्ता जागा होतो. “राणीच्या सैन्याला आम्ही चार दिवस गावात पाऊल टाकू दिलं नाही!”

“मामाआजोबा, १९३० मध्ये राणी नव्हती. किंग जॉर्ज द फिफ्थ होता.”

“तेच ते.”

“आणि आम्ही म्हणजे? तुम्ही होता?”

“आम्ही म्हणजे आमचं घर. माझे आजोबा मोर्चात पुढे होते.”

आक्काने पदराने घाम टिपला. “आजोबा तेव्हा अक्कलकोटला सासुरवाडीत जाऊन बसले होते. अक्कलकोट संस्थान, तिथे मार्शल लॉ नव्हता. टोपी ट्रंकेत आणि ट्रंक खाटेखाली. आजी मरेपर्यंत त्यांना त्यावरून बोलायची.”

मी चारी पुतळ्यांकडे पाहायचं टाळलं. चाळीस वर्षं मी आजोबांना मोर्चाच्या पुढे चालवत होतो आणि म्हातारा अक्कलकोटला जावयाचा पाहुणचार झोडत होता. तसा हा रोग माझा एकट्याचा नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांचं घर एकच, भय्या चौकात. पण ‘आमचे आजोबा कोटणिसांचे शेजारी’ असं सांगणारी जितकी घरं मला ठाऊक आहेत ती सगळी खरी धरली तर कोटणिसांच्या घराला निदान साठ भिंती असाव्या लागतील. त्यातली एक भिंत आमची होती. ती त्या दिवशी मी बांधायच्या आधीच पाडून टाकली.

मग किल्ला. बहामनी काळातला भुईकोट. पोराला बुरूज आवडले. मी म्हटलं, “अभेद्य! या तटाला कोणी हात लावू शकलं नाही.”

भाचा फोनमध्ये डोकं घालून म्हणाला, “मामा, मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने घेतला होता. थोड्याच दिवसांत.”

“मे?” पोरगा आकाशाकडे बघत म्हणाला. “मग बरोबर आहे. आतल्या लोकांनी ऊन जास्त झालं म्हणून दार उघडलं असेल.”

आता माझ्याकडे एकच उपाय उरला होता: वादच होऊ शकणार नाही असं काहीतरी प्रत्यक्ष दाखवणं. लहानपणी आम्ही पोरं किल्ल्यात शिरायला दरवाजा वापरत नसू. खंदकाच्या कडेला एक फट होती. ती मला डोळे मिटूनही सापडली असती. दुर्दैवाने सापडली. तिथे आता लोखंडी गज होते, पण दोन गजांतलं अंतर मला पुरेसं वाटलं. हा अंदाज मी १९७८ सालच्या पोटावरून बांधला होता.

डोकं गेलं. एक खांदा गेला. पुढचं काही जाईना आणि मागचं काही येईना. उन्हाने गज तापले होते. आक्का म्हणाली, “श्वास सोड बे.” मी सोडला, तर आणखी अर्धा इंच आत गेलो. भाचा मागून ओढत होता, पोरगा समोरच्या बाजूने रेकॉर्ड करत होता. शेवटी शेंगदाणे विकणारा एक मुलगा आला, त्याने माझा हात कोपरात मुडपून मला फिरकी दिली आणि मी नेमका कशामुळे सुटलो ते मलाही कळलं नाही. तेवढ्यात शिट्टी वाजवत रखवालदार आला.

मी म्हटलं, “लहानपणी आम्ही इथूनच जायचो.”

तो शांतपणे म्हणाला, “लहानपणी जायचाव न्हवं काका? आता मोठे झालाव. दारातून जावा की.”

“हे मात्र मी स्वतः पाहिलंय,” पोरगा कागदावर लिहीत म्हणाला.

होम मैदानावर आलो तेव्हा नऊ वाजले होते आणि मैदान तव्यासारखं रिकामं होतं. पण सोलापूरच्या माणसाला मैदान रिकामं दिसतच नाही, त्याला तिथे बारा महिने गड्ड्याची जत्रा दिसते. मी सांगू लागलो. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, त्यांनी गावाभोवती स्थापन केलेली अडुसष्ट लिंगं. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला संमती दिली. तेच लग्न सोलापूर दरवर्षी संक्रांतीला लावतं. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या घातलेले हजारो मानकरी नि भक्त, संमती कट्ट्यावर अक्षता, दुसऱ्या दिवशी होम, मग शोभेचं दारूकाम, आणि मैदानावर महिनाभर पाळणे, मौत का कुवा, भजी, बांगड्या.

“आणि इथेच,” मी मैदानाच्या मधोमध उभा राहून म्हणालो, “तुझा मामाआजोबा हरवला होता. सहा वर्षांचा. निळा सदरा. पाळण्यापाशी हात सुटला. मराठीत पत्ता विचारला तर रडलो, कन्नडमध्ये विचारला तर रडलो, तेलुगूत विचारला तर आणखी जोरात रडलो. मग लाऊडस्पीकरवरून पुकारलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, धावत आले. मला आजही त्यांच्या हाताला आलेला घामाचा आणि कापसाचा वास आठवतो.”

हे सांगताना माझा घसा खरंच दाटून आला. ही माझी आयुष्यातली पहिली आठवण आहे. पोरगा पहिल्या रकान्यावर पेन टेकवून उभा होता.

आक्का हळूच म्हणाली. या वेळी ‘बे’ नव्हतं, त्यावरूनच मला भीती वाटली. “बाळ्या, सदरा नाही. फ्रॉक. निळा फ्रॉक. हरवले होते मी. सहासष्टची संक्रांत होती. मी तुला ही गोष्ट रोज रात्री झोपवताना सांगायचे.”

मैदानावरून एक वावटळ गेली. मी पन्नास वर्षं निळा फ्रॉक घालून या गड्ड्यात हिंडत होतो आणि एका माणसाने सांगितलं नाही.

घरी आलो. कडक भाकरी कुस्करून त्यावर शेंगाची चटणी आणि दही घालून सगळे जेवले. पोरगा ती भाकरी मोडतानाचा आवाजही रेकॉर्ड करत होता. दुपारी वीज गेली. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी वीज गेली की माणूस एक तर भांडतो नाही तर खरं बोलतो. पोराने कागद पुढे केला. तिसरा रकाना भरला होता. दुसरा भरून मागच्या पानावर गेला होता, त्यात बहुतेक ठिकाणी ‘आजीकडून’ असं लिहिलं होतं. पहिल्या रकान्यात एकच ओळ: मामाआजोबा गजात अडकले. तीही माझी नव्हती, त्याची होती.

“मामाआजोबा, तुम्ही स्वतः काहीच पाहिलं नाही का?”

प्रश्न चेष्टेचा नव्हता, त्यामुळे उत्तर सुचेना. मोठं काही झालं तेव्हा मी नव्हतो आणि मी होतो तेव्हा मोठं काही झालं नाही, असंच मी धरून चाललो होतो. म्हणून तर उसनं आणायचो. मग आठवलं ते असं काही नव्हतं की कोणाला सांगावं.

अण्णा एका गिरणीत साचाखात्यात होते. नव्वदच्या दशकात गावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यात तीही गेली. मी नुकताच बँकेत लागलो होतो. भोंगा थांबला त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा नेहमीप्रमाणे पहाटे उठले. अंघोळ केली, गंध लावलं, सदरा घातला आणि ओट्यावर जाऊन बसले. ऊन आलं तेव्हा आत आले. तिसऱ्या दिवशी तेच. असं किती महिने चाललं मी मोजलं नाही. त्यांनी जन्मात कधी मनगटाला घड्याळ बांधलं नव्हतं. भोंग्याने उठायचं, भोंग्याने निघायचं, पाळी सुटली की भोंग्याने घरी यायचं. मी दुसऱ्या पगारात त्यांना एचएमटीचं घड्याळ आणून दिलं. ते त्यांनी रोज बांधलं, रोज चावी दिली आणि वेळ मात्र आईला विचारायचे.

“ते घड्याळ बघायचे नाहीत?” पोराने विचारलं.

“बघायचे. मग आईला विचारायचे, ‘हे बरोबर आहे का?’”

आक्का माझ्याकडे बघत होती. मी वाट पाहत होतो. आता ती म्हणेल घड्याळ एचएमटीचं नव्हतं, पगार दुसरा नव्हता, अण्णा ओट्यावर नाही बाजेवर बसायचे. पण ती म्हणाली, “हे मला कुणी सांगितलंच नाही. माझं लग्न झालं होतं. मी लातूरला होते.”

पोराने पहिल्या रकान्यात सावकाश, मराठीत लिहिलं. ‘घड्याळ’ त्याला लिहिता येईना, ते मी लिहून दिलं.

“मग तुम्ही रोज ऐकायचा तो भोंगा त्या गिरणीचा होता?”

इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. भोंगा मी ऐकला होताच. फक्त सांगताना तो मी १८७७ च्या गिरणीला नेऊन बसवला, कारण आपल्या बापाच्या गिरणीपेक्षा ती जुनी, मोठी आणि पाहुण्यांना सांगण्यासारखी होती. अण्णांचा भोंगा मी चाळीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर खपवत होतो.

“आवाज काढून दाखवा ना. रेकॉर्ड करतो.”

मी आक्काकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. मी तळवे तोंडाशी धरले, पोटातून सुरुवात केली आणि नाकातून सोडला. आक्काने डोळे मिटले. संपल्यावर म्हणाली, “हां. हा अण्णांच्याच गिरणीचा. शेवटी थोडा बसायचा, तस्साच.”

तेवढ्यात वरच्या मजल्यावर धावपळ ऐकू आली आणि काकूंचा आवाज आला, “किती शिट्ट्या झाल्या गं?”

“त्यांचं कुठल्या रकान्यात लिहू?” पोराने विचारलं.